व्हर्लन टिडमोरचे साडेबावीस इंच

व्हर्लन टिडमोर काठावर वाढला आणि काठावरच्यांनाच विसरला. खरं तर एवढं सांगितलं तरी पुरे. पण त्याच्यासारखे आमच्याकडे ढिगाने आहेत, म्हणून नीट लिहिते.

अलाबामातल्या आमच्या तळ्यावर तो तीस वर्षं पायी यायचा. हातात एक गळकाठी, खिशात रबरी गांडुळं, पिशवीत उकडलेल्या शेंगा. पंपघरामागच्या पाऊलवाटेनं उतरायचा आणि चिखलात उभा राहून बास मासे धरायचा. दोन वर्षांपूर्वी त्यानं कायाक घेतली, एकट्यानं बसायची निमुळती होडी. पायानं वल्हवायची, पाण्याखालचे मासे दाखवणारा पडदा बसवलेली. तेव्हापासून गडी आमच्याकडे बघून नुसती हनुवटी उचलायचा. तीही अर्धी.

पलीकडे नवे बंगले झाले. त्या मंडळींच्या डोळ्यात आमची पाऊलवाट खुपायची. त्यांनी व्हर्लनला कायाक लावायला आपला लाकडी धक्का दिला, व्हर्लननं त्यांना आपली जीभ दिली. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या सभेत वाट बंद करायचा ठराव आला, तेव्हा साक्षीला उभा राहिला तो हाच.

वाट गेली असती तर मिस अर्लीनचं मासे धरणं संपलं असतं. एक्काहत्तर वय, गुडघे कामातून गेलेले. बाकी सगळीकडे कडा. तिला उतरता येईल अशी ती एकच जागा. "कायाकमध्ये बसवलंत तर बाहेर काढायला क्रेन आणा," असं तीच सांगते.

इस्त्रीच्या शर्टावर कायाक-क्लबचा बिल्ला लावून व्हर्लन बोलला, "कमिशनरसाहेब, त्या काठाला आता मासाच नाही. बोटभर पिल्लं लागतात. लोक येतात ते कचरा करायला."

"काय रे व्हर्लन," मागून मिस अर्लीन म्हणाली, "मग तीस वर्षं काय बेडूक धरत होतास?"

सभा हसली. व्हर्लननं चिडून वसंतातल्या कायाक-स्पर्धेची ढाल आणि जिंकलेल्या माशाचा फोटो वर धरला. "मोठा मासा हवा तर कायाकच पाहिजे. हा बघा!"

या स्पर्धेत मासा कायाकमध्ये बसूनच धरायचा, तिथंच मांडीवर मोजपट्टी ठेवून फोटो काढायचा आणि मासा सोडून द्यायचा. व्हर्लनच्या फोटोत मासा, पट्टी आणि स्पर्धेचं कार्ड, एवढंच. तो फोटो मी आमिषांच्या दुकानात दहादा पाहिला होता. संशय होता, पुरावा काडीचा नव्हता. पण माणूस मला पाठ होता.

मी उठले. "साडेवीसचा होता तो. यानं शेपूट ओढून लांब केलाय."

"ट्रूडी, तोंड सांभाळ!"

"सांभाळते की. मांडीवर पट्टी हलणारच, तू तरी काय करशील बिचारा? वीस धर. दया म्हणून साडेवीस."

व्हर्लनच्या बापाला शिवी द्या, तो हसेल. त्याच्या माशाचा अर्धा इंच कापा, तो आंधळा होतो. त्याची मान लालबुंद झाली.

"साडेबावीस! रोखठोक साडेबावीस! पट्टी हलेल कशी? सपाट जमिनीवर ठेवली होती, बुटानं दाबून..."

त्या खोलीत टिपणं घेणाऱ्या बाईपासून दारावरच्या पोलिसापर्यंत सगळे मासे धरणारे. कुणीतरी शीळ घातली.

कमिशनरनं चष्मा काढला. "जमिनीवर? कुठल्या रे?"

व्हर्लन दाराकडे बघू लागला.

"सांग की बाळा," मिस अर्लीन म्हणाली. "एवढी सपाट जागा सगळ्या तळ्याला एकच आहे."

"पंपघरामागं," तो पुटपुटला.

"म्हणजे काठाला मासा आहे," कमिशनर म्हणाला. "चांगला साडेबावीस इंचांचा."

ठराव चार विरुद्ध एक मतांनी पडला. क्लबच्या अध्यक्षानं ढाल तिथंच काखेत मारली.

मी गाडीत बसले तोच व्हर्लन धावत आला. वाटलं, शिव्या घालेल. किंवा लाज वाटून मिस अर्लीनची माफी मागेल. कसलं काय! खिडकीवर हात टेकून म्हणतो, "ट्रूडी, खरं सांग. साडेबावीस होता, हे तुला दिसत होतं ना?"

त्याच्या मागं मिस अर्लीन कठड्याला धरून सभागृहाची एकेक पायरी उतरत होती, आणि हा नेमका तिच्या वाटेत उभा.

"बाजूला हो," मी म्हणाले. "तिला जाऊ दे."