सर्व्हर नव्हता, तरी डिस्क जोडलेली होती

घरात कुणी भुताखेताचा विषय काढला की मी उठून चहा टाकायला जायचे. नवऱ्याला विचारा! त्यामुळे हे मी लिहितेय, यावर माझाच विश्वास बसत नाहीये...

नाशिकला कॉलेज रोडवर आमचं छोटंसं सॉफ्टवेअर ऑफिस आहे. एका हॉस्पिटलचा क्लाऊडवरचा डेटा आम्ही सांभाळतो. तिथली डिस्क एखाद्या सर्व्हरला जोडलेली असली की स्क्रीनवर 'अटॅच्ड' दिसतं, सुटी असली की 'डिटॅच्ड'. त्या दुपारी मी बिनकामाच्या सुट्या डिस्क काढून टाकत होते.

एक डिस्क मात्र 'अटॅच्ड' — आणि तीही अशा सर्व्हरला, जो आम्ही केव्हाच डिलीट केला होता! मी ती डिटॅच केली. पेज रिफ्रेश केलं... पुन्हा अटॅच्ड. शेजारी बसणाऱ्या सागरनं करून पाहिलं. तेच.

"स्क्रीन जुनंच दाखवत असेल गं. डिलीट मार सरळ."

मी क्लिक करणार, तेवढ्यात हॉस्पिटलच्या डॉक्टर मॅडमचा फोन.

"अहो, कळवणच्या बाळाचे हृदयाचे स्कॅन उघडत नाहीयेत! बाळाला ऑपरेशनला घेतलंय. मला आत्ता हवेत!"

त्या फाइल खराब झाल्या होत्या. बॅकअपमधल्यासुद्धा. सागरला काय सुचलं कोण जाणे, त्यानं त्या डिलीट केलेल्या सर्व्हरचा पत्ता टाकला — आणि लॉगिन झालं!

"हा सर्व्हर मी स्वतः उडवलाय," तो पुटपुटला.

त्या डिस्कवर एकच फोल्डर होतं. त्या बाळाचं. विचार करायला वेळच नव्हता, आम्ही फाइल पाठवल्या.

"मिळाले!" मॅडमनी फोन ठेवला. त्याच क्षणी आमचं लॉगिन तुटलं. डिस्कसमोर शब्द आला — 'डिटॅच्ड'.

संध्याकाळी कळलं, बाळ सुखरूप आहे. मी खुर्चीतच रडले.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती डिस्क चालू सर्व्हरला जोडून पाहिली. रिकामी! क्लाऊड कंपनीच्या सपोर्टला फोन लावला. तिकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, ही डिस्क आजच्या आधी कधी कशालाच जोडलेली नव्हती. तिच्यावर एक अक्षरही लिहिलं गेलेलं नाही."

स्कॅन अजून मॅडमकडे आहेत, मी डोळ्यांनी पाहिलेत. ते आले कुठून? मला खरंच माहीत नाही. सागर तर तो विषयच काढू देत नाही...