पुलावर अडकलेला गुडघा

देवावर विश्वास आहे का, असं कुणी विचारलं असतं तर मी लगेच हो म्हणालो असतो. खरं सांगायचं तर माझा विश्वास माझ्या हातांवर होता. गुडघ्याचा सर्जन म्हणून माझं नाव झालं होतं, आणि माझाच उजवा गुडघा मला दगा देऊ लागला होता. लंगडताना कुणी पाहिलंच तर मी 'बूट चावतोय' म्हणून वेळ मारून न्यायचो. पेशंटना मात्र रोज बजावायचो, दुखणं अंगावर काढू नका म्हणून. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

मी मूळचा पेणचा. वडील गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायचे. जन्मभर उकिडवं बसून त्यांचे गुडघे इतके झिजले, की शेवटी त्यांना मोरीपर्यंतसुद्धा उचलून न्यावं लागे. त्या गुडघ्यांपायीच मी डॉक्टर झालो आणि शिकून रोह्यात दवाखाना थाटला. गुडघा बदलता येतो हे तेव्हा आमच्या भागात कुणाला ठाऊक नव्हतं. 'पाय कापून लोखंडाचा बसवतो' म्हणत लोक दवाखान्यासमोरून जायला बिचकायचे. पहिली धीट निघाली ती खांब गावची एक म्हातारी. ऑपरेशननंतर ती स्वतःच्या पायांनी चालत शेताच्या बांधावर गेली, आणि मग मिठागरांवरून, वालाच्या शेतांतून माणसं येऊ लागली. पुढे तरुण डॉक्टर माझ्या हाताखाली शिकायला आले. सत्कारात मी म्हणायचो, सगळी बाप्पाची कृपा. मनातून तसं वाटत नव्हतं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

आमचा गणपती दरवर्षी पेणहून येतो. नदीअलीकडच्या अष्टमी गावात गाडीतून उतरायचं, कुंडलिकेचा पूल पायी ओलांडायचा आणि मूर्ती हातांवर घेऊन रोह्यातल्या घरी जायचं, ही वडिलांनी घातलेली रीत. वाटेत मूर्ती खाली टेकवायची नाही. त्या वर्षी पत्नी म्हणाली, "अहो, या वेळी गाडी दारापर्यंत नेऊया." मी ऐकलं नाही. ड्रायव्हरला पुढे पाठवलं आणि निघालो. मागून ती घंटा वाजवत येत होती.

पुलाच्या मध्यावर गुडघा अडकला. काय झालंय ते मला क्षणात कळलं. कूर्चेचा सुटलेला तुकडा सांध्यात जाऊन बसला होता. पाय सरळ होईना, वाकेना. सगळा भार एका पायावर आला आणि पाटावरची मूर्ती डुलायला लागली. "द्या माझ्याकडे," पत्नी म्हणाली. मी म्हणालो, "आपल्यात बायका गणपती आणत नाहीत." तेही खरं कारण नव्हतंच. गुडघ्याच्या डॉक्टरला गुडघ्यानं पुलावर उभं केलं, हे कुणाला दिसू नये, एवढंच मला हवं होतं. मूर्ती फुटली असती तरी मी ती तिच्या हातात दिली नसती. घामानं डोळे भरले तेव्हा मी पहिल्यांदा खरंच बाप्पाला हाक मारली.

रोह्याच्या बाजारातून परतणारी खाडीकडची एक बाई समोरून येत होती. तिनं डोक्यावरची रिकामी पाटी कठड्याशी ठेवली, पदराला हात पुसले आणि मूर्तीखाली दोन्ही हात घातले. माझी बोटं काही सुटेनात.

"अवो डॉक्टर, सोडा आता. मी धरलाय त्याला."

मी सोडलं. आणि तशातही मी काय विचारावं? "तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन मी केलं होतं का?"

"नाय. माजे गुडघे बरे हायत," ती म्हणाली. "तुमी तुमचे बगा."

ती पुढे निघाली. पत्नीच्या खांद्यावर हात टेकून मी मागून लंगडत गेलो, सगळ्या रोह्यासमोर. दारात मूर्ती आणणाऱ्याच्या पायांवर पाणी घालतात. पत्नीनं त्या बाईच्या भेगाळलेल्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण वाकता येईना. "पाटी पुलावर राह्यली हाय," म्हणत ती गेलीसुद्धा. पुढे मी बाजारात पुष्कळ शोधलं, ती दिसली नाही. ती कोण होती याचा खल मी करत नाही. हाक मारली आणि ती आली, एवढंच मला माहीत आहे.

विसर्जनानंतर माझ्याच एका विद्यार्थ्यासमोर मी पाय ठेवला. ऑपरेशनच्या टेबलावर आडवा झालो तरी त्याला सूचना देतच होतो. मग त्या बाईचे 'सोडा आता' हे शब्द आठवले आणि मी तोंड मिटलं. इतकी माणसं माझ्यासमोर अशी निमूट आडवी झाली होती. त्यासाठी किती धीर लागतो, ते मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या चतुर्थीला गुडघा ठणठणीत होता. अष्टमी गावात उतरल्यावर मूर्ती मी पत्नीच्या हातांत दिली. तिनं पदर खोचला. इतकी वर्षं ती माझ्यामागून चालली होती आणि तिच्या हातांकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. पूलभर घंटा मी वाजवली. दारात तांब्या घेऊन मी सावकाश वाकलो आणि तिच्या पायांवर पाणी घातलं.