जंगलाला तिकीट लावणारी ताई

"ताई गेली."

ताईच्या नवऱ्याला, युर्गनला, मराठीतले जेमतेम वीस शब्द येतात. त्यातले हे दोन तो फोनवर बोलला. मी ब्योब्लिंगेनच्या ऑफिसात कॉफीचा कप घेऊन उभी होते. ताई कुठेतरी दौऱ्यावर गेली असेल, असं मला वाटलं. "कुठे गेली?" असं मी चक्क विचारलंसुद्धा. मग त्याने जर्मनमध्ये सांगितलं. उन्मळून पडलेल्या एका झाडाच्या मुळांखाली ती चिरडली होती.

आज सहा आठवडे झाले. सुलभाताई मूळची कोल्हापूरची. वनशास्त्रात डॉक्टरेट करायला जर्मनीत आली, युर्गनशी लग्न केलं आणि इथलीच झाली. आमची ओळख गणपतीतली. पहिल्याच भेटीत तिने मला विचारलं होतं, "तू कम्प्युटरवाली ना? मग मला एक बुकिंगची सिस्टिम करून दे. फुकट." त्या सुमारास आमच्या राज्याने सगळ्या वनउद्यानांचं अनुदान बंद केलं होतं. सरकारी तिजोरीतून काही मिळणार नव्हतं, उद्यानांनी स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं. अशा एका उद्यानाच्या संचालकाची खुर्ची कुणालाच नको होती, म्हणून ती ताईला मिळाली. तिने पार्किंगला पैसे लावले, तळ्याकाठी भाड्याने द्यायला लाकडी घरं बांधली, आणि झाडतोडीची कंत्राटं वर्षानुवर्षं एकाच घरात जात होती ती खुल्या निविदेवर आणली.

लोक खवळले. जंगल आमच्या बापजाद्यांचं, त्याला तिकीट कसलं? आधी पार्किंगचं यंत्र जाळलं. मग एका सकाळी ऑफिसच्या दारावर पोट फाडलेलं रानडुक्कर टांगलेलं सापडलं. आतडी पायरीवर आली होती. ताईने बादलीभर पाणी आणलं, स्वतः पायरी धुतली आणि साडेआठची मीटिंग साडेआठलाच घेतली. गावच्या सभेत कुणीतरी बिअरचा जाड मग फेकून मारला आणि तिची भुवई फाटली. मी शेजारीच बसले होते, तिचं रक्त माझ्या कागदांवर उडालं. रुमाल दाबून धरत ती म्हणाली, "आल्झो, बरं तर, पुढचा प्रश्न?"

पण खरा घाव पार्किंगमध्ये बसला. डीटर नावाचा लाकूडतोड्या, ज्याच्या घरातलं कंत्राट गेलं होतं, तिच्या गाडीमागे लोखंडी सळई घेऊन थांबला होता. डावा हात दोन ठिकाणी मोडला. एक फटका डाव्या कानावर बसला आणि तो कान कायमचा बहिरा झाला. कोर्टात तिने सगळं शांतपणे सांगितलं. त्याला तुरुंगवास झाला. त्याआधी हॉस्पिटलमधून घरी आली त्या दिवशी मात्र तिने मोडका हात गळ्यात असताना उजव्या हाताने स्वयंपाकघरातल्या ताटल्या एकेक करून भिंतीवर फोडल्या. युर्गन आणि मी दारात उभे होतो. शेवटची फुटल्यावर म्हणाली, "केरसुणी दे."

पुढे काही वर्षांनी, यंदा जानेवारीत, मोठं वादळ आलं. एका दिवसात डोंगरच्या डोंगर झाडं आडवी झाली. असं आडवं पडलेलं झाड साधं नसतं. खोड कुठेतरी वाकून ताणलेलं असतं, चुकीच्या जागी करवत लागली की ते उसळतं आणि माणसाची छाती फोडतं. दुसऱ्याच आठवड्यात एका पोलिश कामगाराचा पाय मांडीपासून गेला. त्या रात्री ताईने डीटरला फोन केला. तो तेव्हा सुटून आला होता.

"ताई, त्याने तुझा हात मोडलाय!" मी ओरडलेच.

"हात मोडलाय, डोकं नाही. ताणलेलं लाकूड त्याच्याइतकं इथे कुणाला कळत नाही. उद्या कुणी मेलं तर?"

"म्हणजे तू त्याला माफ केलंस?"

"नाही गं. कामावर घेतलं."

डीटर आला, दारात मान खाली घालून उभा राहिला. माफी त्याने मागितली नाही, तिनेही मागायला लावली नाही. पुढचे दोन महिने ती दोघं रोज एकत्र काम करत होती. त्या काळात एकही माणूस जायबंदी झाला नाही.

मार्चमधल्या त्या दिवशी डीटर आडवं पडलेलं एक मोठं स्प्रूसचं झाड कापत होता. उन्मळलेल्या मुळांचा मातीसकट गड्डा घराच्या भिंतीएवढा उभा होता. खोड तुटलं की असा गड्डा कधीकधी धाडकन मागे, आपल्या खड्ड्यात आदळतो. लाल-पांढरी पट्टी ओलांडून एक जोडपं कुत्र्याला घेऊन नेमकं त्या गड्ड्याच्या मागे फोटो काढायला गेलं. ताईने वरच्या वाटेवरून पाहिलं आणि ती धावली. बाईला ढकललं, पुरुषाला कॉलर धरून ओढलं. तोवर खोड कडाडलं होतं...

चौकशीत डीटरने कुणी न विचारता सांगितलं, "ती पळताना दिसली तसं मशीन बंद करून मी ओरडलो. ते जोडपं लगेच बाजूला पळालं. तिने वळूनही पाहिलं नाही. मी तिच्या डाव्या बाजूला होतो." मग म्हणाला, "तो कान मीच फोडला होता."

त्याने हातांनी माती उकरली होती. त्याच्या बोटांना नखं उरली नव्हती, असं युर्गन सांगत होता.

गेल्या शनिवारी ताईचं सामान आणायला तिच्या ऑफिसात गेले. युर्गनला ते जमणार नव्हतं. फायली, शाल, चपला पेटीत भरल्या. ऑफिसच्या छोट्या किचनमध्ये फडताळावर लसणीच्या चटणीची बरणी होती, त्यावर ताईच्या अक्षरात जर्मनमध्ये चिठ्ठी: 'सावधान, तिखट!' तळाशी दोन चमचे चटणी उरली होती. मी बरणी पेटीत ठेवायला घेतली, तर डीटर दारात उभा. बोटांना अजून पट्ट्या होत्या.

"ती राहू दे," तो म्हणाला. "नाश्त्याला आम्ही ब्रेडवर घेतो. सगळेच घेतात."

त्याच्याशी बोलायचं नाही असं ठरवून मी गेले होते. मी बरणी परत फडताळावर ठेवली. तो पुढे आला, पट्ट्या बांधलेल्या बोटांनी त्याने ती जराशी फिरवली, ताईचं अक्षर समोर येईल अशी, आणि बाहेर कामाला गेला.