माईकच्या भोकातून आलेला तबला

बाबांचा डावा कान गेलाय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, एक बाबा सोडून. त्यांच्या मते डावा स्पीकर गेला होता. "तबला कुठंय?" म्हणत ते त्या बिचाऱ्याला टपल्या मारायचे. तपासून आणला, ठणठणीत निघाला, तर म्हणे दुकानदाराला कळत नाही. माणूस मानी, तोंडावर सांगायची आम्हा मायलेकींची छाती नव्हती. शेवटी त्यांनी गाणी ऐकणंच सोडलं. संध्याकाळी नुसते भिंतीकडे बघत बसायचे. मला ते बघवत नव्हतं.

त्यांच्या आवडत्या रेकॉर्डिंगांत तबला डावीकडे, गाणं उजवीकडे. ज्या जुन्या रिसीव्हरमध्ये कॅसेटी घालून ते ऐकायचे, त्यावर दोन्ही एकत्र करायला मोनोचं बटण होतं. पण नाशिकला येण्याआधी बाबा इगतपुरीला रेल्वेत होते; तिथल्या क्वार्टरमधल्या ओलीनं ते बटण कायमचं अडकलं, बाहेरून काही जोडायची मागची भोकंही गंजली. शाबूत राहिलं ते समोरचं माईकचं. त्यात घातलेला आवाज दोन्ही स्पीकरमधून सारखाच येतो. मग काय, दोन्ही बाजू एकत्र करणारी वायर करून घेतली, तीच गाणी असलेला फोन जोडला आणि आवाज फुल्ल केला.

असं काही भसाडं खरखरलं की बाबा खुर्चीतून उठलेच. "जाळशील ते," म्हणाले.

आई कणकेच्या हातांनी बाहेर आली. त्याच माईकवर तिनं क्वार्टरमधल्या मंगळागौरी गाजवल्या होत्या. "फोनचा आवाज अगदी बारीक कर," ती म्हणाली. "त्या भोकाला कुजबुज पुरते. मी जरा जोरात गायले की हे खेकसायचे माझ्यावर."

मी बारीक केला. गाणं स्वच्छ आलं आणि बाबांच्या उजव्या हाताच्या स्पीकरमधून तबला वाजला. त्यांची बोटं खुर्चीवर ठेका धरू लागली. माझे डोळेच भरून आले. आईचे आभार मानू, त्या जुन्या खोक्याचे मानू की मंगळागौरीचे, असं झालं मला.

दुसरं गाणं सुरू असताना बाबांनी उजव्या कानावर तळहात घट्ट दाबला. डाव्या स्पीकरकडे वाकून ऐकलं. मग हात काढला.

"कानच गेलाय माझा," ते म्हणाले. "आणि तुम्ही दोघींनी इतके दिवस त्या स्पीकरला शिव्या खाऊ दिल्यात."

"खाल्ल्या तर खाल्ल्या," आई म्हणाली. "त्याला कुठं वाईट वाटणार होतं."