आखरावरची छत्री

गाय आणि म्हैस यांच्यातली गाय कोणती हे मला ओळखता येत असे. एवढ्या ज्ञानावर मी वऱ्हाडातल्या गुराचरणाच्या जमिनी वाटायला निघालो होतो. अमरावतीला आमच्या घरी दूध गवळ्याच्या मापातून येई, आणि त्याआधी ते कुठे असतं याची चौकशी घरात कोणी केलेली नव्हती. पण मी मॅट्रिक होतो, अक्षर बरं होतं, महसुलात कारकुनी लागली होती, आणि त्या आनंदात थोरल्या बहिणीने मला नवी छत्री घेऊन दिली होती. छत्री कोणी उचलू नये म्हणून तेव्हा कापडावर पांढऱ्या रंगाने नाव घालून घेत. मी आडनावासकट घातलं. रंगाऱ्याने अक्षरं इतकी ठळक काढली, की पावसात मी दुरून किराणा दुकानासारखा दिसत असे.

इंग्रजांच्या बंदोबस्तात गावोगावची काही जमीन गुरांसाठी म्हणून सरकारने स्वतःकडे ठेवली होती. तिला ई-क्लास म्हणत. आमच्याकडे अजूनही म्हणतात. साहेबाच्या राज्यात ती चराईच्या लिलावात जाई, किंवा साहेबाची मर्जी बसलेला कोणी बाहेरून येऊन पट्टा घेई आणि तिथेच वसे, असं जुनी माणसं सांगत. गावातल्याच बिनजमिनीच्या माणसाचा नंबर त्यात कधी लागला नाही. मी नोकरीत आलो तेव्हा हुकूम निघाला होता की या जमिनीतले तुकडे आता भूमिहीनांना एकसाली पट्ट्याने द्यायचे. एकसाली म्हणजे वर्षापुरता. पेरायचं, पावसाळ्यात पाहणी होईल तेव्हा उभं पीक दाखवायचं, तर पट्टा पुढे चालू. जमीन पडीक दिसली की पट्टा गेला.

अंजनगाव सुर्जीच्या रस्त्यावरून आत गेलं की लागणाऱ्या एका गावात मी हे पुण्यकर्म करायला वैशाखात पोचलो. तिथला पटवारी हिवतापाने आडवा झालेला. मोजणीच्या साखळीला दोन माणसं होती, गावचे पाटील होते, बघायला बरंच गाव होतं. ई-क्लास म्हणजे नुसता मुरूम. कुदळ मारली तर ठिणगी उडेल असा. पण गावाला लागून असलेल्या टोकाला मला एक तुकडा दिसला आणि मी थांबलो. सपाट, काळा, पायाखाली भुसभुशीत, वर वाळक्या शेणाचा चुरा. अशी तयार जमीन ओसाड पडलीय आणि एवढ्या गावाला ती दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटलं. मी छत्रीचं टोक जमिनीत रोवलं आणि म्हणालो, "हा तुकडा पहिल्या अर्जदाराला."

पहिली अर्जदार एक विधवा बाई होती. पन्नाशीची, रोजमजुरी करणारी. चार-पाच वर्षांपूर्वी तिच्या वस्तीने बौद्ध धर्म घेतला आणि मेलेली ढोरं ओढण्यासारखी गावकीची कामं सोडून दिली, तेव्हापासून गावाच्या मनात जराशी अढी होती. तिचा एकुलता मुलगा अमरावतीला होस्टेलात शिकत होता. ती काही बोलली नाही. पदर सावरून तिने फक्त त्या तुकड्याकडे एकदा पाहिलं.

बाकीचं गावही काही बोललं नाही. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला.

"नव्या सायबाची नजर बेज्या तेज हाय," ते म्हणाले.

मी लाजून "तसं काही नाही" म्हणालो. परतीच्या बैलगाडीत त्या वाक्याची चव मी बराच वेळ घेत होतो.

आषाढात पाहणीच्या आधी कोणी काय पेरलंय ते बघायला मला पुन्हा तिकडे पाठवलं. चावडीत मुक्काम. सकाळी दात घासत बाहेर उभा होतो, तर घराघरांतून ढोरं सुटू लागली. हाकणारं कोणी नाही. आपापल्या दारातून निघायची, गल्लीत एकमेकींना भेटायची आणि बाजाराला निघालेल्या बायांसारखी गप्पा मारत पुढे जायची. मला कौतुक वाटलं. कुठे जातात बघू म्हणून मीही मागोमाग गेलो.

ती माझ्या तुकड्यावर गेली. म्हणजे बाईच्या. वीतभर ज्वारी वर आली होती. तिच्यात सगळं गोधन शांतपणे उभं राहिलं, काही बसलं, आणि ती बाई हातात तुराटी घेऊन एकटी या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होती.

जवळच गावाचा ढोरकी, म्हणजे सगळ्यांची ढोरं रानात चारून आणणारा माणूस, काठीवर हनुवटी टेकून उभा होता. मी त्याला विचारलं, ही इथे का येतात?

"आखर होय ना हा," तो म्हणाला.

"आखर म्हणजे?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू 'पाणी म्हणजे काय' असं विचारलं होतं. "सकाळी गावची ढोरं जमा होतात तो आखर. इथून मी रानात नेतो. माह्या आज्याच्या आधीपासून इथंच जमतात."

जमीन काळी का, भुसभुशीत का आणि ओसाड का, ते मला तेव्हा कळलं. उन्हाळ्यात वावरं रिकामी असल्याने ढोरं मोकाट फिरतात, आखरावर कोणी फिरकत नाही; नेमका तेव्हाच मी येऊन छत्री रोवली होती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेणामुताचं खत झालेली, गावातली सर्वांत गजबजलेली जागा मी पडीक म्हणून वाटली होती.

आता शहाण्या माणसाने काय करावं? मला ठाऊक नाही, मी कधी तो प्रयोग केला नाही. दुसऱ्या सकाळी मी ढोरांच्या वाटेत छत्री उघडून उभा राहिलो. उघडमीट केली की गुरं बुजतात असं ऐकून होतो. गाई बुजल्या. पाटलांचा गोऱ्हा मात्र बुजला नाही. त्याला वाचता येत असावं. माझं नाव वाचूनच तो धावून आला. मी जवळच्या बाभळीवर चढलो. बाभळीवर चढता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि उतरता येत नाही हेही. छत्री खाली राहिली. तिच्यावरून जवळजवळ सगळं गाव चालत गेलं, म्हणजे चार पायांचं. बाईने मला खाली उतरवलं, काटे काढायला पिन दिली, आणि मोडकी छत्री उचलून झोपडीत ठेवली.

मग मी आमिष योजलं. शेजारच्या मुरमाड माळावर स्वतःच्या पगारातून आणलेली सरकीची ढेप पसरली. ढोरं आली, ढेप चाटूनपुसून खाल्ली, आणि रवंथ करायला आखरावर जाऊन बसली. पुढच्या दिवशी शेजारच्या गावचीही दोन-चार ओळखीची आली.

संध्याकाळी पाटील चावडीवर आले. माणूस वाईट नव्हता. गेल्या सालच्या हिवतापात त्यांनी त्या वस्तीतही औषध पोचवलं होतं. माझ्या हातातले काटे पाहून त्यांनी आधी घरून हळद मागवली.

"सायेब, ढोराले काय समजते हुकूम?" ते म्हणाले. "तुमी लिहून द्या, चूक झाली. बुढीले माळावरचा तुकडा देऊन टाका. तुमचीबी इज्जत राहते, ढोराचीबी."

"पण त्या माळावर काय पिकेल?"

"आता ते सरकारनं पाहावं ना बाप्पा. जमीन सरकारची होय."

खरं सांगतो, मला तो मार्ग आवडला. चुका कबूल करण्यात मी तयार होतो. लहानपणापासून सराव होता. दुसऱ्या दिवशी मी हे सांगायला बाईच्या तुकड्याकडे गेलो. ती तुडवलेल्या जागी पुन्हा दाणे टोबत होती. आखराची निम्मी ज्वारी चिखलात गेली होती.

"बाई, हा आखर आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं का?"

"माहीत नसन काय? लहानपनापासून इथंच शेन वेचलं म्या."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

तिने कंबर सरळ केली. "सारं गाव उभं होतं. पाटील उभे होते. कोनी बोललं नाई, साऱ्याले वाटलं का बुढी दोन दिवसांत पयून जाईन. तुमी बोट ठेवलं, मंग मीच कावून हात मांगं घेऊ?"

मी पायाने ढेकूळ फोडत राहिलो. ती पुन्हा वाकली, आणि वाकूनच म्हणाली, "पोरगा सुटीत आला का इचारते, आई, आपलं वावर कोनतं? मंग मी दुसऱ्याच्या वावराकडे पाहते. औंदा आपलं दाखवीन म्हनलं. मुरमाचा तुकडा काय दाखवू त्याले, त्यात तं पायाचा ठसाबी उमटत नाई."

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी काई सांगाले आले होते का?"

"नाही," मी म्हणालो. "काटा राहिलाय एक. पिन मागायला आलो होतो."

त्यानंतर जे झालं त्यात माझा हात नाही, म्हणूनच ते नीट झालं. बाईने ढोरकीला गाठलं. त्याच्याकडेही वावर नव्हतं. त्याचा अर्ज पुढच्या सालच्या यादीत होता. त्यांचं बोलणं मी ऐकलं नाही, पण तिचं एक वाक्य त्याने मला नंतर ऐकवलं: "आज माह्यं वावर ढोरानं मोडलं, तं उद्या तुले कोन देईन?"

दुसऱ्या सकाळी ढोरकी आखरावर आलाच नाही. तो पलीकडच्या मुरमाड माळावर जाऊन उभा राहिला. गल्लीत निरोप पोचला: मी आजपासून इथून ढोरं नेईन. ज्याले चारायला पाठवाची असन त्यानं इथं आणून द्यावी. मोकाट सुटलेल्या ढोराची जिम्मेदारी माही नाई.

पावसाळ्यात ढोरं मोकाट म्हणजे आपल्याच गावच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, तोंड, आणि दुपारपर्यंत भावकीत भांडणं. त्या सकाळचं दृश्य मला अजून दिसतं. सारं गाव कासरे धरून आपापली जनावरं ओढत होतं, आणि जनावरं जुन्या आखराकडे वळून गावाला ओढत होती. पाटलांच्या गोऱ्ह्याने पाटलांनाच चिखलातून फरफटत नेलं. मी चावडीच्या ओट्यावर सुरक्षित अंतरावर उभा होतो.

"ढोराले काय समजते हुकूम," मी म्हणालो.

"सायेब," पाटील धोतर पिळत म्हणाले, "बाभळी इथंबी हायेत."

पाटील त्या दिवशी ढोरकीवर चिडले, दुसऱ्या दिवशी कुरकुरले आणि मग आपणहून कासरा धरू लागले. आठवडा उलटायच्या आत ढोरांना नवी वाट पाठ झाली. मला ढेपीने जे जमलं नाही ते त्यांच्या धन्यांनी तंगड्या भरून येईपर्यंत ओढाओढ करून केलं. आणि माळही एक-दोन पावसाळ्यांत काळा पडायला लागेल, असं ढोरकी आताच हिशेब मांडून सांगू लागला. त्या माळाच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागूनच त्याच्या अर्जाचा तुकडा होता.

भादव्यात पाहणीला नायब तहसीलदार आले. कडक माणूस, हसले तर कागद खराब होईल असा चेहरा. जुन्या आखराच्या बांधावर उभे राहिले. अर्ध्या तुकड्यात ज्वारी डोक्याच्या वर गेली होती, इतकी हिरवी की काळी दिसावी. अर्ध्यात मागाहून टोबलेली, गुडघ्याला लागणारी. बाई धुऱ्यावर हात जोडून नव्हे, हात कमरेवर ठेवून उभी होती, पण बोटं लुगड्यात रुतली होती.

"हा तर आखर होता म्हणतात," साहेब मला म्हणाले. "चुकून दिला का?"

पाटील तिथेच होते. ढोरकी होता. मी आयुष्यभर विचारायच्या आधी चूक कबूल करत आलो आहे. त्या दिवशी माझी जीभ अडली.

"नाही साहेब," मी म्हणालो. "पाहून दिला."

साहेबांनी पाटलांकडे पाहिलं. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "सायबाची नजर तेज हाय," ते म्हणाले, आणि या वेळी मला त्या वाक्याची चव काही कळली नाही. "गावाची तक्रार नाई. ढोरं आता माळावर जमतात."

साहेब लिहायला वळले आणि थांबले. ज्वारीच्या मधोमध एक बुजगावणं होतं. दोन काड्यांचा सांगाडा, वर फाटकी बंडी, आणि डोक्यावर माझी छत्री. बाईने तिच्या मोडक्या काड्या सुतळीने बांधल्या होत्या. वाऱ्याने ती सावकाश आमच्याकडे वळत होती. पहिलं अक्षर दिसलं, मग दुसरं, मग आडनाव.

"ती छत्री कोणाची?" साहेबांनी विचारलं.

"कल्पना नाही साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी चष्मा नीट केला. ते वाचत होते. मग बाईकडे वळले. "बाई, कोणाची छत्री?"

"राखनदाराची होय," ती म्हणाली.

साहेबांनी पुन्हा एकदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कागदावर 'पीक उभे, पट्टा चालू' असं लिहिलं. सही करून पुढे निघाले.

परतीच्या वाटेवर पाऊस आला. साहेबांनी आपली छत्री उघडली, दोन पावलं चालले आणि मागे न वळता म्हणाले, "या, राखणदार."

दिवाळीत बहिणीने विचारलं, छत्री काय केलीस? मी म्हणालो, एका वावरात लावली आहे. ती दुसरी घेऊन द्यायला तयार झाली, पण या वेळी नाव घालायचं नाही अशी माझ्याकडून शपथ घेतली.