अरबी समुद्रावरची धूळ

ताई गेल्याचा घरून फोन आला तेव्हा मी येडगावला रानात कांद्याला पाणी देत होतो. पाणी बंद केलं आणि बांधावरच बसून राहिलो... दहाव्याला एक पाहुणे हळहळले, "एवढी शिकली, पन सारा जलम धूळ गोळा करन्यात गेला, राव." त्यांना तिथे उत्तर दिलं नाही. ते इथे देतो.

माझी थोरली बहीण सुमन रसायनशास्त्रज्ञ होती. भर समुद्रावरच्या हवेत जी धूळ तरंगते, ती कशाची बनलेली असते, हे ती तपासायची. पहिल्यांदा संशोधनाच्या जहाजावर जायला निघाली तेव्हा वडील म्हणाले, "धूळच बघायची तर आपल्या रानात काय कमी हाय? त्याला समुद्र कशाला?" बॅग भरता भरता ताई म्हणाली, "आण्णा, जिथं मातीच न्हाई, तिथं ती आली कुठून, ते बघायचंय." आणि गेली.

त्या सफरीत हवा ओढणाऱ्या यंत्रातल्या तिच्या गाळणकागदांवर लोह सापडलं, अपेक्षेपेक्षा बरंच जास्त. वरिष्ठांनी ते उडवूनच लावलं. जहाज लोखंडाचं, त्याचाच गंज कागदावर बसला असणार. प्रबंधातून आकडे काढून टाका, म्हणाले. ताई म्हणाली, "काढणार नाही. पुन्हा मोजेन." पुढच्या वर्षी त्याच भागात जाणाऱ्या जहाजावर तिने भांडून जागा मिळवली. यंत्र जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला बांधलं आणि वारा समोरून असेल तेवढाच वेळ चालवलं, म्हणजे जहाजाचा कणही आत जायला नको. उलट्या होत असताना, कठड्याला धरून, ती वाऱ्याची दिशा बघत तासन्‌तास उभी राहायची. लोह पुन्हा सापडलं, आणि सोबत ॲल्युमिनियम, मातीत असतं त्याच प्रमाणात. गंजात ते तसं नसतं. ती दूरच्या वाळवंटातली माती होती! आकडे प्रबंधात राहिले.

मला सांगताना म्हणाली, "आरं, समुद्रातल्या बारक्या शेवाळालाबी लोह लागतं. आपन पिकाला खत टाकतो, तसं तिथं वारा टाकतो."

"मंग वारा लई मोठा शेतकरी म्हनायचा," मी म्हटलं. कितीतरी वेळ हसत होती...

फुप्फुसाच्या आजारात शेवटचे महिने ती आमच्याकडे होती. डॉक्टरांनी धुळीपासून जपायला सांगितलं होतं, पण वरच्या खोलीची पश्चिमेची, समुद्राच्या बाजूची खिडकी ती कुणाला लावू द्यायची नाही. परवा बायकोने ती खोली झाडली आणि खिडकी लावायला गेली.

"उघडी ऱ्हाऊ दे," मी म्हणालो.

"अवो, सगळी धूळ आत येतीया."

"येऊ दे."