निरगुडीचा कूड

माझी नानी अमीरबी माळवाडीची ताल राखायची. जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला आमची वाडी. डोंगरावरून पाणी सुटलं की सरळ घरांच्या अंगावर यायचं, म्हणून जुन्या लोकांनी उतारावर दगडमातीचा लांब बांध घातला होता. तीच ताल. पण नुसत्या दगडमातीला पाणी थोडंच जुमानतं? तालीच्या वरच्या अंगाला निरगुडीच्या तीन दाट रांगा लावल्या होत्या, आणि जादा पाणी जिथून ओढ्यात उतरायचं त्या सांडव्यावर वाळ्याचं गवत. पाणी निरगुडीत शिरायचं, तिथं दमायचं, गाळ टाकायचं आणि मग गुमान ओढ्याला जायचं.

माझे नाना, लालासाब, गेल्यावर हे काम नानीच्या अंगावर पडलं. खेकड्यांची बिळं मातीनं ठेचून बुजवायची, मेलेल्या झुडपाच्या जागी नवी फांदी खोचायची, उन्हाळ्यात निरगुडी गुडघ्याइतकी छाटून त्याच काठ्या खुंटांमधून आडव्या विणायच्या. त्याबद्दल खळ्यावर प्रत्येक घर तिला सूपभर धान्य द्यायचं. स्वभाव मात्र विचारू नका. तालीवर एखादं ढोर चढलं की त्याच्या मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

शाहू महाराजांना गादीवर येऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा कोल्हापुरात गाठीचा ताप आला. भादव्यात वाडीतला पहिला उंदीर मरून पडला तो धोंडुबाईच्या जात्याशी. चौथ्या दिवशी तिच्या शेजारचा तरणाबांड गडी गेला. गणपतराव पाटलांनी दवंडी पिटवली, घरं सोडा आणि खोपी घाला. चारी बाजूंना ज्वारी उभी होती. मोकळा माळ होता तो एकच, तालीच्या खालचा.

खोपीला कूड लागतो, म्हणजे विणलेल्या काठ्यांची भिंत, आणि कुडाला निरगुडीच्या काठीसारखी काठी नाही. त्यात कुणीतरी सांगितलं की तापाच्या गाठीवर निरगुडीचा पाला बांधला की ती उतरते. झालं. माणसं कोयते घेऊन तालीवर आली. नानी आडवी उभी राहिली.

"अमीरबी, सून धा दिसाची बाळंतीण हाय माझी," धोंडुबाई म्हणाली. "आडोशाला चार काठ्या दे की."

"हस्ताचा पाऊस जाऊ दे, मग सगळी रांग घिऊन जा. आत्ता एक काडी मिळायची न्हाय."

"माणसं मरायला लागल्यात, आन् तुला झुडपाची पडलीया व्हय?"

नानी हटली नाही. लोकांनी कडबा आणि फाटकी लुगडी लावून कशीतरी खोपी उभ्या केल्या. काळजाच्या जागी धोंडा आहे म्हातारीच्या, असं जो तो म्हणू लागला. तिनं ते ऐकून घेतलं. त्या दिवसापर्यंतची माझी नानी मला फार आवडते.

तिसऱ्या दिवशी माझी अम्मा, रशिदा, कोल्हापुरातून पायी आली. बरोबर कुणी नाही, कडेवर महिन्याची मी. आमच्या गल्लीत तीन माणसं गेली होती आणि अब्बा त्यातले एक. वारं सुटलं होतं, भुरभुर लागली होती आणि मी खोकत होते. भर दुपारी माणसं भाकरी खायला बसलेली बघून नानीनं कोयता घेतला आणि खालच्या रांगेतून भाराभर निरगुडी तोडली. आमची खोप तिनं माळावर घातली नाही. तालीच्या टोकाला, उंच खडकावर घातली.

तो भारा डोक्यावरून नेताना धोंडुबाईनं तिला पाहिलं. ती आत गेली आणि कोयता घेऊन आली, तिच्यामागून बाकीचेही आले. दिवस मावळेपर्यंत दोन रांगा आडव्या झाल्या. पुढच्या चार दिवसांत औषधाला म्हणून मुळ्या उकरल्या गेल्या, आणि जाण्यायेण्याची पायवाट पडली ती नेमकी सांडव्यावरून. वाळा तुडवला गेला, खालची माती उघडी पडली. नानी बघत होती. कुठल्या तोंडानं अडवणार?

"लेकीची खोप एवढ्या वर कशापाय घातलीस?" धोंडुबाईनं एकदा विचारलं.

"वर वारं चांगलं हाय," नानी म्हणाली.

एवढंच. पाणी कुठून येणार हे तिला तळहातासारखं ठाऊक होतं. सांगायला गेली असती तर पहिली काठी कुणासाठी तोडली हेही स्वतःच्या तोंडानं कबूल करावं लागलं असतं, म्हणून तिनं वाऱ्यावर ढकललं. हे मनात आलं की आजही माझं डोकं भणभणतं.

पुढचे आठ दिवस कडक ऊन पडलं. पाऊस गेला असं सगळे धरून चालले. "अवो अमीरबी, यंदा हस्ताचा हत्ती वाट चुकला जणू!" आकाराम गुरव येताजाता चिडवायचा. नानी हसायची नाही. दिवसभर तालीवर एकटी वाकलेली असायची. उरलेल्या खुंटांत काट्याकुट्या विणायची, मुळ्यांचे खड्डे बुजवायची. भुसभुशीत माती हातात धरत नव्हती. आठव्या दिवशी तिला तालीच्या पोटात हात जाईल एवढं भगदाड सापडलं. त्यात ती दगड घालत राहिली आणि दगड आत जात राहिले.

नवव्या दिवशी दुपारी उगवतीला आभाळ काळंनिळं झालं. पाऊस पडला तासभर, पण नुसता ओतला. डोंगरावरचं पाणी कुठंही न दमता खाली आलं, आणि ताल सांडव्याशी फुटली. नानी ओरडत माळाकडं धावली, पण पाणी तिच्या पुढं होतं. माणसं ज्वारीत पळाली. धोंडुबाईची सून विठाबाई विहिरीवर गेली होती. खोपीत धोंडुबाई होती आणि झोळीत बाळ. धोंडुबाई बाभळीला अडकून वाचली. झोळी ओढ्यात सापडली. तापाच्या धांदलीत त्या पोराचं बारसंही राहून गेलं होतं.

आमच्या खडकावर पुराचं थेंबभर पाणी आलं नाही. अम्माच्या जांघेत मात्र चौथ्या दिवशी गाठ आली, आणि सहाव्या दिवशी ती गेली.

मी दिवसभर रडले. शेळीचं दूध पोटात ठरेना. नानीनं मला पदरात गुंडाळलं आणि धोंडुबाईच्या नव्या खोपीशी जाऊन उभी राहिली. विठाबाई आत बसली होती. तिची चोळी दुधानं भिजली होती. गाठीच्या घरातलं पोर म्हणून कुणी आम्हांला जवळ करत नव्हतं, पण माझं रडणं ऐकून तिनं आपणहून हात पुढं केले.

"थांब. आदी ऐक," नानी म्हणाली. "पयली काठी मी तोडली. पाणी कुठनं येणार त्ये मला ठावं हुतं. म्हणून लेक वर ठिवली, आन् तुमास्नी सांगितलं न्हाय."

धोंडुबाई ताडकन उठली. "चालती हो हितनं!"

विठाबाईनं पुढं केलेले हात मागं घेतले नाहीत. ती म्हणाली, "पोर दे हिकडं."

दीड वर्ष तिनं मला अंगावर पाजलं. नानी रोज मला तिच्या उंबऱ्याशी सोडायची आणि बाहेर धुळीत बसून राहायची. नानी आणखी बावीस वर्षं जगली. तेवढ्या वर्षांत विठाबाई तिच्याशी पुन्हा एक शब्द बोलली नाही.